माटवी बांधताना हात काळा झाला

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला शिडीवर चढले आणि उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. माजघराची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, चुलीच्या धुराने काळी पडलेली आहे, हे घरात सगळ्यांना माहीत. पण चाळीस-पन्नास वर्षांची काजळी लाकडात मुरलेली असते, ती अशी हाताला लागत नाही. काकांनी हात नाकाशी नेला. "ह्यां ऑइल आसा रे," म्हणाले.

तेव्हा कळलं की मे महिन्यात आम्ही माडीला पॉलिश करून घेतलं नव्हतं, आम्ही फळ्या चोरीला दिल्या होत्या. वर चोराला मजुरीही दिली होती.

घर देवगड तालुक्यात. भिंती चिऱ्याच्या, वर लाकडी माडी. माडीची जमीन म्हणजेच माजघराची तक्तपोशी: सागाच्या फळ्या, 9 इंच रुंद, 9 फूट लांब, चांगल्या इंचभर जाड. आम्ही सगळे मुंबई-ठाण्याला, घराची किल्ली शेजारच्या काकींकडे. फळ्यांवर जुन्या व्हार्निशचे पोपडे आले होते, म्हणून मशीनने घासून नवं पॉलिश मारायचं ठरवलं. ओळखीतून एक कंत्राटदार मिळाला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. 18 बाय 22 ची माडी, म्हणजे 396 चौरस फूट. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात धरून चौरस फुटाला 140 रुपये, एकूण साधारण 55 हजार. निम्मे आगाऊ. मृगाच्या आत काम पुरं, असा शब्द. कागद मात्र एकही नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

चौथ्या दिवशी व्हिडिओ आला. माणूस फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसतोय आणि भुसा गळतोय. "साहेब, वाळवी आहे. 14 फळ्या गेल्यात. आताच बदलल्या नाहीत तर वाशांना लागेल." सोबत फोटो. मी घाबरलो. ऑफिसमध्ये बसून फळीमागे 2,700 रुपये, म्हणजे 37,800, पाठवून दिले. नंतर ते फोटो मोठे करून पाहिले तर डोळ्यासारखी एक गाठ तीन फोटोंत दिसली. एकच फळी, तीन बाजूंनी काढलेली.

इथे जरा थांबतो, कारण माझी अक्कल इथेच गहाण पडली होती. जुन्या सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. खाल्लंच तर सालीलगतचं पांढरं लाकूड खाते. आणि आपल्याकडची वाळवी बहुतेक वेळा जमिनीतून येते, भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत वर चढते. आधी दाराची चौकट, खांब, मग कुठे माडी. आमच्या भिंतींवर एकही नळी नव्हती, चौकटी शाबूत होत्या, फळ्यांखालच्या तुळयांना काही झालं नव्हतं. म्हणजे वाळवीने सगळं घर ओलांडून बरोबर 14 फळ्या निवडल्या! काकींना एक फोन करून "भिंतीर माती दिसता काय?" एवढं विचारायला हवं होतं.

जुन्या फळ्यांचं काय केलं, असं मी विचारलं होतं. "वाळवीचं लाकूड ठेवू नये, मागल्या दारी जाळलं," असं उत्तर आलं. चतुर्थीला काकींपाशी विषय काढला तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "जाळल्यान? खंय जाळल्यान? टेम्पो इलो, फळयो भरल्यान नि गेलो. माका वाटला, तूच इकलंस."

14 फळ्या म्हणजे जवळजवळ 8 घनफूट जुना साग. असं लाकूड आज बाजारात शोधून मिळत नाही, त्यामुळे पॉलिशच्या मजुरीपेक्षा कमाई कुठे होती ते उघड आहे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं. त्यांनी माडीवर फक्त एक फेरी मारली आणि बसकण मारून एक फळी उचकटली. 9 इंची दिसणारी फळी म्हणजे साडेचार-साडेचार इंचांचे दोन तुकडे डिंकाने जोडलेले, सांध्यावर गडद डाग. लाकूड आकेशियाचं. वरून सागाचा रंग, खालून काळं ऑइल. जुन्या फळ्यांच्या पोटावर हातकरवतीच्या तिरक्या रेघा आहेत, यांच्या पोटावर मशीनचे सारखे ओरखडे. जुन्या खिळ्यांच्या जागी स्क्रू आणि त्यांच्यावर लांबी (पुट्टी) भरलेली. "ह्यां लाकूड सागाचां न्हय," एवढंच ते म्हणाले आणि चहा मागितला.

पॉलिशचं सांगायलाच नको, तरी सांगतो. जमीन घासायला ड्रमचं मशीन लागतं, ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवायचं, भिंतीकडेला एजर, म्हणजे कडा घासायचं छोटं मशीन. पॉलिशपेपर आधी 40 नंबर, मग 60, 80, शेवटी 100 किंवा 120. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे राहतात आणि पॉलिशनंतर जास्तच उठून दिसतात. याने हातातल्या ग्राइंडरला चकती लावून काम उरकलं होतं. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की सगळी माडी गोल गोल कोयऱ्यांनी भरलेली दिसते. पीयूचे म्हणून जे हात मारले त्यांनी पावसाच्या दमट हवेत दुधासारखा पांढुरका थर धरला. स्वस्त लॅकर दमट हवेत असंच करतं. मृगाच्या आत काम संपवायची घाई कुणासाठी होती, हे आता कळतं. पॉलिशचे डबे सीलबंद होते का, ते उघडताना कोण हजर होतं? तर कुणीच नाही.

उरलेल्या फळ्यांच्या पोटावर मी आता खडूने आकडे टाकलेत, टेप लावून फोटो काढलेत. हे पहिल्या मशीनच्या आधी करायचं काम होतं. आणि पैसे टप्प्याने, काढलेला प्रत्येक तुकडा घरातच ठेवायचा, अशी अट लेखी घालायची होती.

कंत्राटदाराचा फोन बंद आहे. ग्राहक आयोगात तक्रार दिली. 2019 च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही देता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गेलेल्या फळ्या सागाच्याच होत्या, याला पुरावा काय?" शोधाशोध केली. चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा एक फोटो निघाला. माडीवर पंगत बसलीय, पानं मांडलीत, आणि दोन पानांच्या मध्ये सव्वा हात फळी स्वच्छ दिसतेय. तोच फोटो मोठा करून जोडला आहे.