रेसचं तेल पाजलं, पण रेस कुठं मारली? डर्टच्या आरएक्सवर आठ महिने, तीन तेलं

आधी गाडी सांगतो. यामाहाची आरएक्स १००, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, एअर कूल्ड, डर्टसाठी म्हणजे माती-दगडात फिरवायला बदललेली. मागचं स्प्रॉकेट मोठं, नॉबी टायर, मडगार्ड उंच, लाइट-इंडिकेटर काढलेले. कंपनीनं १९९६ साली ही गाडी बंद केली, पण आमच्या कोल्हापूर भागात तिचे बोअर (सिलिंडर), पिस्टन, रिंगा अजून कुणी ना कुणी काढून देतंच. रस्त्यावर मी ती चालवत नाही. छोट्या हत्तीत (टेम्पोत) घालून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत न्यायची, रविवारी अडीच-तीन तास फिरवायची आणि परत. एका रविवारी साधारण पाच लिटर पेट्रोल जातं. हे सगळं सांगायचं कारण असं की तेलाबद्दल खाली जे लिहिलंय ते या गाडीचं आणि माझ्या हाताचं आहे. तुमचा हात वेगळा असेल तर निकालही वेगळा लागेल, आणि ते मी खाणीत डोळ्यांनी बघितलंय.

टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलाबरोबरच जळतं. ते आपोआप सोडणारा ऑटोल्यूब पंप आधीच्या मालकानं काढून टाकला होता, त्यामुळे तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं. पंप तसा वाईट नसतो. तो इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटल बघून तेल सोडतो, हळू चालवताना कमी आणि ताणल्यावर जास्त. पण डर्टमध्ये गाडी आपटते, केबल ओढली जाते, नळीत हवा शिरते, आणि पंप रुसला हे आपल्याला कळतं ते पिस्टन चिकटल्यावरच. म्हणून बरेच जण तो काढतात.

नोव्हेंबरात सुरुवात केली ती पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या साध्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलानं. जासो एफसी दर्जाचं (ही अक्षरं खाली उलगडतो), लिटरला चारशेच्या आत. प्रमाण ३२:१, म्हणजे ३२ भाग पेट्रोलला एक भाग तेल. गाडी मस्त चालली. डिसेंबरच्या शेवटी मात्र धूर वाढला. सुरू केल्यावर थोडा वेळ धूर असतो तो वेगळा, हा जाता जात नव्हता. पांढरट निळा, दाट. खाणीत माझ्या मागून येणारा मित्र म्हणाला, ‘‘भावा, डास मारायचं मशीन आणलंयस काय?’’

मी दोष दिला तेलाला. स्वस्त तेल म्हणजे धूर, एवढंच डोक्यात. लगेच एका परदेशी कंपनीचं, डब्यावर डर्ट रेसिंगचं चित्र असलेलं, शंभर टक्के एस्टरचं (सिंथेटिक) तेल मागवलं. लिटरला दोन हजारांच्या घरात. आणि धूर तसाच! एक थेंब कमी नाही.

तेव्हा गाडी मामांकडे नेली. मामा म्हणजे आमचे मिस्त्री, चाळीस वर्षं टू-स्ट्रोकच उघडत आलेत. त्यांनी धुराकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसले, गिअरबॉक्सचा नट सोडला आणि थाळी धरली. जेमतेम निम्मं तेल पडलं. ‘‘ह्ये बघ. तुझी गाडी गिअरऑइल पितीया. टू-टीला कशाला शिव्या घालतोयस?’’

टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, जळायचं तेल वेगळं. दोन्हींच्या मध्ये क्रँकचं रबरी सील. क्लचच्या बाजूचं सील कडक होऊन फाटलं की क्रँककेस गिअरबॉक्समधलं तेल ओढून घेतं आणि ते जळतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर उलट होतं, तिथून नुसती हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन चिकटायची वेळ येते. इंजिन उतरवून दोन्ही सीलं बदलली. सीलांना काही शे रुपये आणि मजुरी. दोन हजारांचं तेल मी ज्या रोगासाठी आणलं होतं तो रोग तेलाचा नव्हताच. (गिअरबॉक्सचं तेल भरताना तेवढं बघा: क्लच त्याच तेलात भिजलेला असतो, त्यामुळे जासो एमए (तेलात भिजणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं घ्या. कारच्या इंजिनाचं उरलेलं तेल ओतलं की क्लच घसरायला लागतो.)

आता सील नवीन, तेल महागडं. फेब्रुवारी-मार्च त्यावरच चालवली. इथं खरी गंमत झाली. धूर गेला, पण दुसऱ्याच रविवारी सायलेन्सरच्या तोंडातून काळं, चिकट पाणी टपकायला लागलं. मागच्या स्विंगआर्मवर, टायरवर, माझ्या पँटवर शिंतोडे. प्लग काढला तर ओला, काळा. तासाभरात दोनदा प्लग पुसावा लागला. एवढं भारी तेल आणि सायलेन्सर पान खाल्ल्यासारखा थुंकतोय.

मामा म्हणाले, ‘‘रेसचं त्येल पाजलंस, पर रेस कुठं मारतुयास?’’

मला ते टोमण्यासारखं लागलं, पण त्यात इंजिनियरिंग होतं. साध्या टू-टी तेलात ते पटकन मिसळावं, पंपातून सरकावं म्हणून पातळ द्रावक घातलेलं असतं, त्यामुळे त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, कमी असतो. फक्त प्रीमिक्ससाठी (पेट्रोलात आधीच मिसळायला) बनवलेल्या रेसच्या तेलात तसं नसतं, काहींचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर जातो. इंजिन सतत ताणलेलं, तापलेलं असेल तर असं तेल टिकून राहतं, फिल्म तुटत नाही. पण माझी खाण म्हणजे सगळी अरुंद वळणं, दगड, पहिला-दुसरा गिअर, अर्धा थ्रॉटल. तेवढ्या उष्णतेत ते तेल पूर्ण जळतच नाही. न जळलेलं तेल सायलेन्सरात जमतं आणि काजळी घेऊन बाहेर येतं.

पटलं, पण खात्री करायची होती. माझा एक मित्र आहे, त्याला अर्धा थ्रॉटल माहीतच नाही. खाणीच्या मागे एक लांब चढाचा माळ आहे. त्याच गाडीत, त्याच डब्यातल्या मिश्रणावर त्याला वीस मिनिटं सोडला. गाडी कोकलत वर-खाली. थांबल्यावर मी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघितलं (गार झाल्यावर, दोनदा पोळून शहाणा झालोय). कोरडं. राखाडी. गाडी तीच, तेल तेच, प्रमाण तेच. फक्त मनगट दुसरं.

अर्थात सगळा भार तेलावर टाकायलाही नको. कार्ब्युरेटरची सुई खालच्या खाचेत क्लिप लावून ठेवलेली होती, म्हणजे सुई वर आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल जास्त. क्लिप एक खाच वर घेतली आणि टपकणं निम्म्यावर आलं. प्लग ओला व्हायला लागला की तेल कमी करायचं, ही सगळ्यांची पहिली सवय. पण पेट्रोलात तेल जास्त म्हणजे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून) पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण उलट पातळ. ३२:१ वरून ५०:१ ला गेलात तर वंगणही कमी आणि पेट्रोलही थोडं जास्त, तुम्ही दोन गोष्टी एकदम हलवल्या. आधी जेट-सुई जुळवा, मग तेलाकडे बघा.

याच काळात डब्यामागची अक्षरं वाचायला बसलो. जपानी जासोचे दर्जे एफबी, एफसी, एफडी. मला वाटायचं जसं अक्षर पुढं तसं वंगण भारी. तसं नाही. एका ठरावीक तेलाला १०० धरून मुख्यतः चार गोष्टींना गुण देतात: वंगण, स्वच्छता, धूर आणि सायलेन्सर तुंबणं. गुण जास्त म्हणजे तेल त्या बाबतीत चांगलं. वंगणाला एफबी, एफसी, एफडी तिघांनाही किमान ९५ च लागतं! फरक आहे तो बाकीच्यात. धुराला एफबीला ४५ पुरतं, एफसी-एफडीला ८५ लागतं. स्वच्छतेला एफसीला ९५, एफडीला १२५. म्हणजे एफडीचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः पिस्टन आणि रिंगांच्या खाचा स्वच्छ राहण्यासाठी. आणि रेसच्या कित्येक तेलांवर जासोचं अक्षरच नसतं, कारण ती धूर कमी करायला बनवलेलीच नसतात.

एकाने मालवणहून बोटीच्या इंजिनाचं टू-टी आणून दिलं होतं, टीसी-डब्ल्यू३. स्वस्त. ते वापरलं नाही. आउटबोर्ड इंजिन पाण्यानं थंड होतं, त्याच्या तेलाची गरज वेगळी. आपलं इंजिन मेच्या उन्हात, वाऱ्याशिवाय, दगडांत धापा टाकत असतं.

आणि एरंडेल! जुनी माणसं हटकून विचारतात. मामांच्या तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांत सर्रास घालायचे. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टरवरून, म्हणजे एरंडेलावरून आलंय. तापलेल्या धातूला ते जसं धरून राहतं तसं फार थोडी तेलं राहतात. वासही असा की लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो, पण जळल्यावर तोच वास गोड लागतो. मात्र पिस्टनवर लाखेसारखा थर धरतं, रिंगा चिकटतात, थंडीत पेट्रोलपासून वेगळं होतं. दर शर्यतीनंतर बोअर उघडणाऱ्यांचं ते काम. मी रविवारचा गडी.

एप्रिलपासून मोतुल ७१० वर आहे. एस्टरचं, जासो एफडी, पंपालाही चालतं आणि प्रीमिक्सलाही, म्हणजे माझ्यासारख्या अर्ध्या थ्रॉटलला जळेल असं. लिटरला हजाराच्या आसपास. ३२:१ ला एका लिटर पेट्रोलात ३१ मिली, म्हणजे तेलाचे साधारण ३१ रुपये. साध्या एफसीला बारा-साडेबारा, त्या रेसच्या डब्याला साठाच्या वर. पाच लिटरच्या रविवारी एफसी आणि एफडीत नव्वद-शंभर रुपयांचा फरक. एवढं मला परवडतं. तुम्हाला नको असेल तर चांगलं एफसी घाला आणि वर्षातून एकदा सायलेन्सरचा बॅफल (आतली नळी) काढून साफ करा, इंजिन मरणार नाही. माझंही त्यानं बिघडलं नव्हतं, दोष मी उगाच दिला होता.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर बोअर उघडला. पिस्टनचा माथा कॉफीच्या रंगाचा, ट्रान्सफर पोर्टच्या (ताजं मिश्रण सिलिंडरात येतं त्या वाटांच्या) बाजूला धुतल्यासारखे दोन स्वच्छ डाग. रिंगा खाचेत बोटानं फिरतायत. एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला नखानं निघेल एवढी काजळी. इथवर छान. पण पिस्टन उलटा केला तर इनटेकच्या बाजूला उभ्या बारीक रेघा, मॅट झालेला पट्टा. मामांनी त्यावर अंगठा फिरवला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ती धूळ होती. खाणीतली भुकटी, फोम फिल्टर मी तीन-तीन आठवडे धुतला नव्हता. त्याला कुठलंही तेल काही करू शकत नाही. आता दर रविवारी फिल्टर रॉकेलऐवजी साबणाच्या पाण्यात धुतो, वाळवतो, फिल्टरचं तेल लावून पिळतो.

मिसळायची पद्धत: मेडिकलमधून आणलेली ६० मिलीची सिरिंज. पाच लिटरला १५६ मिली, म्हणजे दोन भरून आणि एक छत्तीसवर. बाटलीच्या झाकणानं मोजणारे दोस्त आहेत, त्यांची झाकणं दर महिन्याला मोठी-लहान होतात. आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, हलवायचं, मग उरलेलं. मिसळलेल्या कॅनला लाल चिंधी बांधतो. एकदा चिंधी नव्हती आणि साधं पेट्रोल टाकीत गेलं. फिकट रंग दिसला म्हणून नशिबानं किक मारायच्या आत लक्षात आलं.

मिश्रण साठवू नका. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गेल्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक कॅन झाकण नीट न लावता राहिला, वरून थेंब गळत होते. काचेच्या बाटलीत ओतून बघितलं तर खाली गढूळ, बिनरंगाचा थर, वर रंगीत पेट्रोल. म्हणजे तेल वर आणि टाकीच्या तळातून कॉकमध्ये जाणार ते पाणी-इथेनॉल. याच इथेनॉलपायी मिश्रण पातळ होतं म्हणून मेन जेटही एक नंबर वर घेतलाय.

अजून एक, प्रीमिक्सवाल्यांसाठी. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि इंजिन मात्र पळतच असतं. क्लच धरा, नाहीतर मधेमधे थ्रॉटल द्या.

रेसच्या तेलाचा उरलेला अर्धा डबा मी त्या फुल थ्रॉटलवाल्या मित्राला दिला. बदल्यात त्यानं नवा फोम फिल्टर आणून दिला.