खुर्ची की रेफरीची खोली? टेनिस पंचांच्या दोन वाटा

स्थानिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत काही वर्षं पंचगिरी झाली, स्कोअर पुकारताना आवाज कापत नाही, आता पुढे जायचंय. पण चेअर अंपायर (उंच खुर्चीवरून एक सामना चालवणारा पंच) म्हणून की रेफरी (अख्ख्या स्पर्धेचा प्रमुख पंच) म्हणून? रेफरी ही चेअर अंपायरच्या वरची पायरी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारी माणसंही वेगळी.

सामन्यात काय घडलं, हे चेअर अंपायर ठरवतो. त्याला कोणता नियम लागतो, यावर शेवटचा शब्द रेफरीचा. समजा, गुण संपल्यावर खेळाडू म्हणाला, ‘चेंडू मऊ पडलाय, पुन्हा खेळवा.’ चेंडू फुटलाय की नुसता मऊ झालाय, हे अंपायर हातात दाबून ठरवतो. त्यावर दाद मागता येत नाही. पण नुसता मऊ आहे हे मान्य करूनही त्याने गुण पुन्हा खेळवायला सांगितला, तर प्रतिस्पर्धी रेफरीला बोलावू शकतो. नियम सांगतो, फुटला तरच पुन्हा. इथे रेफरी निर्णय फिरवतो.

खुर्चीची खरी परीक्षा क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर होते, जिथे रेषांचे निर्णय यंत्र देत नाही. चेंडू आत की बाहेर, हे तिथे मातीतला ठसा बघून ठरतं. रेषेजवळ चेंडूचे जुने-नवे कितीतरी ठसे असतात. त्यातला आपला कोणता, हे खुर्चीवरूनच डोळ्यांनी पकडायचं आणि उतरून तिथे पोहोचेपर्यंत नजर हलू द्यायची नाही. तोवर खेळाडू भलत्याच ठशावर रॅकेट टेकवून उभा असतो. हजारो लोक बघत असतात, आणि तुम्ही वाकून मातीत रेषेची कड शोधत असता. हा क्षण आवडत असेल तर तुमची जागा खुर्चीतच आहे, असं मी म्हणेन.

मात्र तिथवर नेणारी जुनी वाट आता अरुंद झाली आहे. पूर्वी बहुतेक जण लाइन अंपायर, म्हणजे रेषेवर नजर ठेवणारे पंच, म्हणून सुरुवात करायचे. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनने सगळ्या कोर्टांवर रेषांचे निर्णय यंत्राकडे दिले, 2025 मध्ये विम्बल्डननेही. त्यामुळे नव्या माणसाला छोट्या स्पर्धांत थेट खुर्चीवर बसूनच अनुभव जमवावा लागतो. यंत्रामुळे काम सोपं झालं, असंही समजू नका. त्याच 2025 च्या विम्बल्डनमध्ये पाव्हल्युचेन्कोव्हा आणि कार्तल यांच्या सामन्यात यंत्रणा चुकून काही वेळ बंद राहिली. बाहेर पडलेल्या चेंडूवर पुकारा झालाच नाही आणि अंपायरला गुण पुन्हा खेळवावा लागला.

रेफरीचं बरंचसं काम प्रेक्षकांना दिसत नाही. ड्रॉ (कोणाचा सामना कोणाशी) काढणं, दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक, पाऊस, अंधार, कोर्ट खेळण्याजोगं आहे का, सगळं त्याच्याकडे. पात्रता फेरीच्या आधी यायचं, अंतिम सामन्यानंतर निघायचं. आणि अधूनमधून एखादा भयंकर निर्णय. 2020 च्या यूएस ओपनमध्ये जोकोविचने वैतागून मारलेला चेंडू लाइन अंपायरच्या गळ्यावर बसला. मुद्दाम मारला नव्हता, हे मान्य होतं. तरीही रेफरी सोरेन फ्रीमेल यांनी त्याला स्पर्धेबाहेर काढलं. अव्वल मानांकित खेळाडू समोर विनवत असताना हे सांगायला वेगळीच छाती लागते.

बॅजची, म्हणजे पंचांच्या आंतरराष्ट्रीय दर्जांची, चढण अशी: दोन्ही वाटा व्हाइट बॅजपासून सुरू होतात. पुढे चेअर अंपायरला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. रेफरीला सिल्व्हर आणि गोल्ड. पायऱ्या कमी म्हणून रेफरीची वाट सोपी मानू नका. पगारी, पूर्णवेळ जागा दोन्हीकडे मोजक्याच. बहुतेकांचं काम स्पर्धेगणिक ठरतं. घरापासून लांब राहावं लागणारे आठवडे दोघांनाही चुकत नाहीत.

आज निवडलं म्हणून दुसरं दार कायमचं बंद होत नाही. 1990 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जॉन मॅकेन्रोला गैरवर्तनासाठी स्पर्धेबाहेर काढलं गेलं, त्या सामन्यात खुर्चीवर गेरी आर्मस्ट्राँग होते. पुढे तेच विम्बल्डनचे रेफरी झाले.

तरीही मन ठरत नसेल, तर पावसाच्या दिवशी एखाद्या छोट्या स्पर्धेत रेफरीच्या खोलीत परवानगी घेऊन बसा. अडकलेले सामने, वैतागलेले पालक, हातातला फोन आणि संध्याकाळच्या आत नव्याने मांडायचं वेळापत्रक. त्या गोंधळात तुमचं डोकं शांत राहतं का, तेवढं बघा.