दशांश: पाकिटातून की वेगळ्या खात्यातून?

नाशिकच्या अंबडला किंवा सातपूरला नव्याने नोकरीला लागलेली आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, मुलं दोन-चार पगार झाले की हा प्रश्न विचारतात. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवासाठी, द्यायचा, हे त्यांचं ठरलेलं असतं. अडतं ते कसा द्यायचा इथे. चर्चचं देणगीचं पाकीट घेऊन सगळी रक्कम दर महिन्याला तिथेच द्यायची, की पगारातला दहावा हिस्सा आधी वेगळ्या खात्यात काढायचा आणि तिथून वाटायचा? मी अकरा वर्षं पाकीट वापरलं आणि गेली सहा वर्षं वेगळं खातं वापरतो आहे. दोन्हींतून देवाचं काम होतं, हे मनापासून सांगतो.

पाकिटाची बाजू खरंच भक्कम आहे. बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात सगळा दशांश भांडारात आणायला सांगितलंय, आणि भांडार म्हणजे आपली मंडळी, असं आमच्याकडची मोठी माणसं मानतात. पाळकांचं मानधन, विजेचं बिल, पावसाळ्यात गळणारं छप्पर यांसाठी बाहेरचं कुणी पैसे देणार नाही. उद्या सगळ्याच तरुणांनी आपापलं वाटप सुरू केलं तर हे कोण सांभाळेल? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, म्हणून खात्याकडे वळल्यावरही मंडळीचा हिस्सा मी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ दिला नाही.

मला पाकीट सोडायला लावलं ते एका तारखेनं. आमच्याकडे पाकिटं महिन्याच्या पहिल्या रविवारी गोळा होतात आणि माझा पगार सात तारखेला होतो. पहिला रविवार एक ते सात तारखेच्या मध्येच येणार, म्हणजे बहुतेक वेळा पगाराच्या आधी. त्यामुळे या पगाराचा दशांश पुढच्या महिन्याच्या रविवारपर्यंत तीन-चार आठवडे घरातच राहायचा, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी तो मोडायचा, कधी गॅस संपला म्हणून, कधी गावाहून पाहुणे आले म्हणून. पुढच्या महिन्यात भरून काढू म्हणायचं आणि पुढच्या महिन्यालाही तीच गत. एका वर्षी सप्टेंबरात पाहिलं तर तीन पाकिटं कोरी. दिवाळीच्या बोनसमधून ती भरली, पण त्या दिवसांत मी बायकोला म्हणालो, "दशांशाची थकबाकी राहिलीय." मराठीत देणं हा शब्द दानालाही चालतो आणि कर्जालाही. आमच्या घरात तो दुसऱ्याच अर्थाने बोलला जाऊ लागला होता.

खजिनदारांनी कधी एका शब्दानेही विचारलं नाही. तरी त्या तीन महिन्यांत उपासना सुटली की मी बाजूच्या दाराने बाहेर पडायचो. दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, असं प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो. ते वाचताना मला माझंच पाकीट दिसायचं.

दुसऱ्या रविवारी द्यायचं, असं कुणी सुचवेल. मीही ते करून पाहिलं. पण दोष एकट्या तारखेचा नव्हता. देवासाठीचे पैसे घरखर्चाच्या पैशांतच पडून होते. त्याच पौलाने करिंथकरांना आधीच्या पत्रात सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करायची वेळ येणार नाही. काढून ठेवणं आणि पोहोचवणं ही दोन कामं तिथे वेगळी आहेत. पाकिटात मी ती एकाच दिवशी करू पाहत होतो, आणि दोन्ही राहून जात होती.

आता आठ तारखेला दहावा हिस्सा आपोआप दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातो. हातात अठ्ठावीस हजार येत असतील तर दोन हजार आठशे. हिशोब पूर्ण पगारावर करावा की हातात येणाऱ्या, यावर चांगली माणसं दोन्हीकडे आहेत. मी हातात येणाऱ्यावर करतो आणि पीएफ मिळेल तेव्हा त्याचा दशांश काढायचं ठरवलंय. निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामेभावाला तर महिन्याचं पाकीट कधी जमलंच नाही. त्याचं उत्पन्न वर्षाला एकदाच, तेही औषधं, मजुरी आणि बँकेचा हप्ता वजा जाता. व्यापाऱ्याचे पैसे प्रत्यक्ष खात्यात आले की तो त्याच दिवशी हिस्सा बाजूला काढतो. बागाईतदाराने तरी दुसरं काही करू नये, असं मला वाटतं.

खात्याचा मोठा लाभ मला उशिरा कळला. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (उपासनेची सेवा करणारे), परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायला सांगितलाय. शेजारच्या काकांचं डायलिसिस सुरू झालं किंवा वसतिगृहातल्या मुलीची परीक्षा फी अडली, तर आता खात्यात काही असतं. पाकिटाच्या काळात मी "या महिन्यात जमणार नाही" म्हणायचो आणि ते खरंही असायचं. शरणपूर रोडवरून जाताना हे हटकून आठवतं. एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं जायचं. तिथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला हजर होता. ते मिशन ज्या मिशनरी संस्थेचं होतं ती देणगीदारांच्या वर्गणीवर चालायची. ते देणगीदार या मुलांच्या मंडळीतले नव्हते.

खात्यात धोकाही आहे. पैसे साठलेले दिसतात आणि हात जातो. दुसऱ्या वर्षी मी गाडीच्या टायरसाठी चार हजार उसने घेतले, ते परत टाकायला पाच महिने लागले. तेव्हापासून त्या खात्याला ना कार्ड, ना यूपीआय. शिवाय कुणाला द्यायचं हे एकट्याने ठरवू लागलो की देणाऱ्याचा ताठा येतो, तो मी स्वतःत पाहिलाय. म्हणून मंडळीबाहेरचं प्रत्येक देणं बायकोशी बोलून ठरतं आणि ३१ मार्चला खातं रिकामं करतो.

करवजावटीवरून निवड करू नका. प्राप्तिकरातल्या देणगी-सवलतीसाठी नोंदणी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत सवलत असते, पण दोन हजारांवरची रक्कम रोखीत दिली तर नाही. नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही.

तुमचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होत असेल आणि शब्दाला तुम्ही पक्के असाल, तर पाकीट तुम्हाला पुरेल. माझ्यासारखी सात-दहा तारीख असेल तर मी खात्याकडेच बोट दाखवीन. पाकीट मात्र परत करू नका. मीही केलेलं नाही. खात्यातून मंडळीचा हिस्सा काढून त्यातच घालतो, आणि गेल्या सहा वर्षांत ते एकदाही कोरं गेलेलं नाही.