दशांशांची तोंडी वजाबाकी: जास्त काढून परत द्यायचं की पुढे मोजत जायचं?

पाचवीच्या मुलाला उभी मांडणी येते, हातचा घेता येतो, असं धरून चालतो. अडतं ते तोंडी करताना. संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलांना शिकवताना मलाही दोन रीतींतून एक निवडावी लागली.

पहिली रीत जास्त काढून परत देण्याची. ६.४ मधून २.९८ काढायचे तर सरळ ३ काढा, उरले ३.४. ०.०२ जास्त गेले, ते परत द्या: ३.४२. दुसरीत लहान संख्येपासून मोठीपर्यंत मोजत जायचं. २.९८ ते ३ म्हणजे ०.०२, ३ ते ६.४ म्हणजे ३.४, मिळून ३.४२.

वेगात पहिली सरस, हे मान्य. पण तिची शेवटची पायरी मला फार छळते. ३.४ पर्यंत सगळी मुलं येतात आणि तिथे अडखळतात: आता ०.०२ मिळवायचे की काढायचे? वजाबाकी चालू आहे म्हणून बरीचशी काढूनच टाकतात, उत्तर येतं ३.३८. ते इतकं जवळचं असतं की अंदाजानेही चूक पकडता येत नाही. त्यात ५.९८ − २.५ आलं की मूल ५.९८ चे ६ करतं, आणि आता शेवटी ०.०२ खरोखरच काढायचे असतात. कोणती संख्या बदलली यावर सगळं फिरतं. समजावलं की पटतं, पण थोड्या दिवसांनी पुन्हा तोच गोंधळ.

पुढे मोजताना हा प्रश्नच उरत नाही. जेवढे टप्पे झाले तेवढे मिळवायचे. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्वभागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. ती मुलं टप्पे घरच्या भाषेत मोजतात, तरी काही बिघडत नाही. सरावासाठी पेपरातलं सोलापूरचं तापमान उत्तम. समजा मे महिन्यात कमाल ४१.३, किमान २४.७. २५ पर्यंत ०.३, पुढे १६.३, फरक १६.६ अंश.

या रीतीलाही अडचणी आहेत. ५.२ − ३.८७ मध्ये ०.०३, ०.१ आणि १.२ असे तीन टप्पे लक्षात ठेवावे लागतात. सुरुवातीला संख्यारेषा काढू द्यावी, आणि ५.२ ला ५.२० म्हणायची सवय लावावी. ८.७५ − ०.३ ला तर पुढे मोजणं म्हणजे उगाच वळसा.

तुमचं मूल पहिल्या रीतीने न चुकता करत असेल तर ती मोडू नये, असं मला वाटतं. नव्याने शिकवायचं असेल तर मात्र पुढे मोजण्यापासून सुरुवात करून बघा. मधूनमधून ८.७५ − ०.३ सारखी गणितंही घाला, म्हणजे कुठे मोजत जायचं आणि कुठे नुसतं काढायचं, हे मूल स्वतः ठरवू लागतं.