मराठी ब्लॉगला वाचक हवेत, मग कोणतं टूल घ्यावं?

या कामाची टूल्स ढोबळमानाने तीन जातींची. लोक काय शोधतात ते सांगणारी, आपलं लिखाण ठिकठिकाणी पोचवणारी आणि नुसता आकडा फुगवणारी.

तिसऱ्या जातीचं आधी उरकतो. बॉट (माणसासारखी भेट देणारे प्रोग्रॅम) पाठवून ‘व्हिजिटर’ विकणाऱ्यांमुळे आलेख चढतो, वाचक मात्र एकही येत नाही. वर अ‍ॅडसेन्स, म्हणजे ब्लॉगवरच्या गूगलच्या जाहिराती, असेल तर हे अवैध ट्रॅफिक धरून खातं बंद होऊ शकतं. दिसेल तिथे आपोआप लिंका पेरणारी सॉफ्टवेअर तर २०१२च्या पेंग्विन अपडेटपासूनच (बनावट लिंकांविरुद्ध गूगलने केलेला बदल) गूगलच्या रडारवर आहेत. फुकट मिळाली तरी नकोत.

खरी निवड आहे ती गूगल सर्च कन्सोल (गूगलवर तुमची साइट कोणत्या शब्दांना दिसते ते दाखवणारं) आणि एएचरेफ्स किंवा सेमरश या विकतच्या टूल्समध्ये.

सर्च कन्सोल फुकट आहे आणि तुमच्या साइटबद्दल त्यातले आकडे थेट गूगलचे असतात. विकतच्या टूल्सचे आकडे हे अंदाज, आणि देवनागरी शब्द टाकले की हे अंदाज पुष्कळदा शून्यावर येतात. सर्च कन्सोलमध्ये ‘उकडीचे मोदक’ देवनागरीत शोधणारे वेगळे दिसतात आणि तेच रोमन लिपीत, पुढे ‘रेसिपी इन मराठी’ जोडून शोधणारे वेगळे. एखाद्या शब्दाला इम्प्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) भरपूर, क्लिक मोजके आणि निकालातला सरासरी क्रमांक आठ ते पंधराच्या आसपास असेल, तर त्या लेखाचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद दुरुस्त करायला बसा. माझ्या मते सगळ्यात जास्त फळ याच कामाला येतं. माहिती १६ महिन्यांची मिळते, म्हणजे गेल्या वर्षीचा गणेशोत्सव आणि यंदाचा शेजारी शेजारी ठेवून बघता येतो.

याची अडचण एकच: ब्लॉग कोरा असेल तर दाखवायला काही नसतं. तोवर गूगल ट्रेंड्स वापरा. तिथला ० ते १०० हा शोधांचा आकडा नसून तुलनेचं माप आहे, पण महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढला की ‘मोदक’ कधी वर चढतो ते कळतं आणि लेख त्याआधी तयार ठेवता येतो. शब्द महिन्याला किती शोधला जातो ते सांगणारं गूगल अ‍ॅड्सचं कीवर्ड प्लॅनरही फुकट आहे, मात्र जाहिरातीवर खर्च नसेल तर ते ‘१०० ते १ हजार’ असं मोघम उत्तर देतो.

मग डॉलरमधलं मासिक भाडं भरायचं कुणी? ज्यांचा ब्लॉग इंग्रजीत आहे आणि स्पर्धकाला कुठून लिंका मिळतात, त्याची कोणती पानं चालतात हे पाहायचंय, त्यांनी. तेही एक महिना घ्या, याद्या उतरवा आणि बंद करा. स्वतःच्या साइटच्या लिंका एएचरेफ्स वेबमास्टर टूल्समध्ये फुकट दिसतात.

पोचवणाऱ्या टूल्सपैकी बफर फेसबुक पेज, इन्स्टाग्रामवर ठरल्या वेळी पोस्ट टाकतं. सोय आहे, पण अनुयायी नसतील तर रिकाम्या सभागृहात वेळेवर भाषण सुरू झाल्यासारखं. मराठी वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त, म्हणून मी तिथलं चॅनेल आधी सुरू करायला सांगेन. फक्त तिथून आलेले वाचक गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवरचे वाचक मोजणारं टूल) बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’ म्हणून मोजले जातात. वेगळे ओळखायचे तर लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारं शेपूट, जोडा.

आणि लिंक फॉरवर्ड करण्याजोगी ठेवा. वर्डप्रेस शीर्षकातलं देवनागरी पत्त्यात घेतं आणि कॉपी केल्यावर त्यातल्या प्रत्येक चिन्हाची (काना-मात्राही वेगळी धरून) नऊ अक्षरं होतात. एकट्या ‘पुरणपोळी’ची ७२ होतात, सगळीकडे टक्क्याच्या खुणा, आणि असली लिंक बघून लोकांना ती फसवणुकीची वाटते. ब्लॉगस्पॉटवर उलटं: देवनागरी शीर्षक गळून पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असा होतो. दोन्हीकडे पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या, चौकटीत लेख प्रसिद्ध करण्याआधी रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने टाका. त्याला कुठलंच टूल लागत नाही.