११ केव्हीचे पॉलिमर पिन इन्सुलेटर : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्ष पॅकहाऊसला ११ केव्हीचा (अकरा हजार व्होल्टचा) उच्चदाब पुरवठा आहे. मीटरिंगच्या जागेपासून आतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाणारी अकरा खांबांची लाइन आमच्या मालकीची असल्यामुळे तिची देखभालही आम्हालाच करावी लागते. मधल्या नऊ खांबांवर प्रत्येकी तीन, असे सत्तावीस पिन इन्सुलेटर (लोखंडी पिनेवर बसणारे, तारेतली वीज खांबात उतरू न देणारे; बोलण्यात आम्ही त्यांनाच पिना म्हणतो) आहेत आणि टोकाच्या दोन खांबांवर तार ताणून धरणाऱ्या सहा डिस्क इन्सुलेटर आहेत. दोन वर्षांपूर्वी या सत्तावीसच्या सत्तावीस पिना चिनी मातीच्या काढून पॉलिमरच्या बसवल्या. त्यावरून दोन पावसाळे आणि दोन हिवाळे गेल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

हा बदल हौसेने केलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच सरीत लाइन ट्रिप झाली (आपोआप बंद पडली), आणि खांबांखाली उभे राहून दुर्बिणीने पाहिले तरी एकही इन्सुलेटर फुटलेला दिसेना. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ठिणगी धावून गेली तर ग्लेझवर (वरच्या चकचकीत लेपावर) काळपट डाग राहतो आणि तो खालूनही ओळखता येतो, परंतु वीज आतल्या आत मातीला भेदून लोखंडी पिनेपर्यंत गेली, म्हणजे वायरमनच्या भाषेत इन्सुलेटर पंक्चर झाला, तर बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. परमिट घेऊन, लाइन बंद करून, अर्थिंग करून, खांबाखांबावर तारेचे बाइंडिंग सोडून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावण्यात आमचा पूर्ण दिवस गेला, तेव्हा कुठे दोन पंक्चर पिना हाती लागल्या.

लाइन जुनी होती, म्हणून सगळ्याच पिना बदलायचे ठरवले आणि शहरातील एका विक्रेत्याकडून चिनी मातीचे तीस नवे नग आणले. दर चांगला होता, तपकिरी ग्लेझ चकचकीत होते, आणि सोबत चाचणीच्या प्रमाणपत्राची छायाप्रतही मिळाली. ते प्रमाणपत्र टाइप टेस्टचे होते, म्हणजे त्या आराखड्याच्या एका नमुन्याचे होते, आमच्या हाती आलेल्या मालाचे नव्हते, हे मी तेव्हा नीट वाचले नाही. ही चूक माझी.

पुढच्या जानेवारीत, ऐन काढणीच्या हंगामात, पहाटेच्या धुक्यात लाइन गेली. द्राक्षे तोडल्यानंतर काही तासांत प्री-कूलिंगला (साठवणीआधी झटपट थंड करायला) लागली नाहीत तर मण्यांचा टवटवीतपणा आणि देठांचा हिरवेपणा दोन्ही जातात, त्यामुळे त्या दिवशी जनरेटरला किती डिझेल लागले याचा हिशेब अजून माझ्या डायरीत आहे. जूनमध्ये पुन्हा तेच घडले. आमचे ज्येष्ठ वायरमन खांबावरून उतरवलेली एकेक पिन पान्याच्या दांड्याने वाजवून पाहत होते. चांगली चिनी माती घंटेसारखी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते, जसे बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने पाहतो. पाच-सहा पिना वाजवून ते म्हणाले, "साहेब, ही चिनी नवी असूनही बोलत नाही." त्यांतली एक मी मुद्दाम फोडली आणि आतल्या पांढऱ्या भागावर लाल शाईचा थेंब टाकला. नीट भाजलेली चिनी माती आतपर्यंत काचेसारखी घट्ट होते आणि शाई पुसली की डाग राहत नाही. आमच्या तुकड्यावर मात्र गुलाबी वर्तुळ पसरत गेले. भट्टीत माल कच्चा राहिला होता. प्रयोगशाळेत हीच परीक्षा रंगद्रव्याच्या द्रावणात तुकडे दाबाखाली ठेवून करतात.

पहिला पाऊस आला की उन्हाने तापलेली चिनी माती तडकते आणि म्हणून वीज जाते, हे आपण दरवर्षी ऐकतो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. चिनी मातीच्या इन्सुलेटरच्या मानकात तापमान-चक्राची चाचणी असते. तीत नग गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात बुडवतात आणि दोन्ही पाण्यांच्या तापमानात ७० अंश सेल्सिअसचा फरक ठेवतात. नाशिकच्या मे महिन्यात खांबावरचा इन्सुलेटर चांगलाच तापत असला, तरी सरीच्या पाण्याने त्याला बसणारा धक्का या चाचणीतल्या धक्क्याहून कमीच असतो. तेव्हा धड भाजलेला आणि धड जपलेला नग एका सरीने फुटू नये. फुटतो तो बहुधा आधीच केसभर तडकलेला असतो आणि त्या तड्यात पाणी गेल्यावर उघडा पडतो. कोरड्या हवेत असा नग मेगरवरही उत्तम आकडा दाखवतो. आम्ही उरलेल्या पिना रात्रभर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून, सकाळी वरून पुसून मेगरला लावल्या, तेव्हा खरे काय ते कळले.

पॉलिमरच्या पिनेत एपॉक्सी आणि काचतंतूंचा दांडा गाभ्याला असतो, त्यावर सिलिकॉन रबराचे आवरण आणि छत्र्या ओतलेल्या असतात, आणि दोन्ही टोकांना धातूची जोडणी असते. आम्ही ३२० मिलिमीटर क्रीपेजचे नग मागवले. क्रीपेज म्हणजे तारेकडील टोकापासून पिनेकडील टोकापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेले अंतर. याच दाबाच्या साध्या पिनेत ते २३० मिलिमीटर असते आणि जास्त प्रदूषणाच्या जागी ३२० घेतात. आमच्या परिसरात कारखाने नाहीत, मग प्रदूषण कसले, असे विक्रेत्याने विचारले होते. त्याने ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा आमच्याकडे येऊन पाहावे. बागांवर गंधक आणि ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या सुरू झाल्या की तो फवारा वाऱ्याबरोबर लाइनपर्यंत येतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तो थर ओला होऊन विजेला वाट करून देतो. मुसळधार पाऊस निदान इन्सुलेटर धुऊन तरी काढतो, धुके नुसतेच भिजवते. चिनी मातीच्या पिना असताना पहाटे खांबाखाली उभे राहिले तर बारीक तडतड ऐकू येई आणि अंधारात निळसर ठिणग्या दिसत. नव्या पिनांवर दोन हिवाळ्यांत ती तडतड मी एकदाही ऐकलेली नाही.

याचे कारण सिलिकॉनच्या स्वभावात आहे. त्यावर पाणी पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखे थेंब थेंब होऊन राहते किंवा ओघळून जाते, त्यामुळे पृष्ठभागावर ओलाव्याची सलग वाट तयार होत नाही. मला शंका होती ती धूळ बसल्यानंतरची. गेल्या मे महिन्याच्या शटडाउनमध्ये एक पिन उतरवून, तिच्यावरचा राखाडी थर न पुसता, बाटलीने पाणी शिंपडून पाहिले, तर त्या थरावरही थेंबच उभे राहिले. सिलिकॉनमधील हलके तेलकट अंश हळूहळू वरच्या धुळीत झिरपतात आणि धुळीलाही पाणी झटकायला लावतात, असे पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी तेव्हाच पाहिले. हा गुण सिलिकॉनचा आहे, रबरासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक आवरणाचा नाही, म्हणून ऑर्डरमध्ये नुसते "पॉलिमर" न लिहिता "सिलिकॉन रबर" असे स्पष्ट लिहावे.

वजनाचा फायदा कागदावर किरकोळ वाटतो, पण खांबावर चढणाऱ्या माणसाला विचारावा. पॉलिमरची पिन चिनी मातीच्या पिनेच्या निम्म्याहूनही हलकी भरली, आणि हातातून निसटून पडलेली एक फुटलीही नाही (तरी ती आम्ही वापरली नाही). किमतीतला फरक जो काही होता, तो एका ट्रिपमध्ये जळणाऱ्या डिझेलपुढे सांगण्यासारखा नाही.

तक्रारीही आहेत. पिकअपमध्ये क्रॉस आर्मच्या (खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या) खाली टाकून आणल्यामुळे दोन नगांच्या छत्र्या चिरल्या. चिरलेला नग रबरी सोल्युशनने चिकटवून चढवण्याचा मोह कोणी करू नये, कारण आवरणाला किंवा टोकाच्या सीलला भेग गेली की ओलावा गाभ्यापर्यंत पोहोचतो, आणि गाभा खराब होत असताना बाहेर काहीच दिसत नाही. दुसरे म्हणजे स्टोअरमध्ये ठेवलेल्या जादा नगांच्या छत्र्या उंदरांनी कुरतडल्या. चिनी मातीच्या बाबतीत ही भीती कधी नव्हती, आता ते पत्र्याच्या पेटीत असतात. तिसरे, आमच्या नगांच्या वरच्या धातूच्या टोपीतील खाच काठावर जरा धारदार होती, म्हणून रॅबिट कंडक्टरवर, म्हणजे लाइनच्या तारेवर, ॲल्युमिनियमची चपटी पट्टी गुंडाळून मगच बाइंडिंग करावे लागले. आणि चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. हा माल वाजवून पाहता येत नाही. चिनी मातीची पारख पान्याच्या दांड्याने होत असे, इथे सगळी भिस्त कागदावर आहे. म्हणून या वेळी टाइप टेस्टच्या जोडीला आमच्या लॉटचा रूटीन टेस्टचा (प्रत्येक नगावर केलेल्या चाचणीचा) अहवाल मागितला, प्रमाणपत्रावरील ड्रॉइंग क्रमांक आणि नगावर उठवलेली खूण ताडून पाहिली, आणि हे सगळे जुळल्यावरच पैसे दिले. पुरवठादाराने दोन दिवस कुरकुर केली, पण कागद दिले.

लघुदाबाच्या खांबांवरचे शॅकल इन्सुलेटर आणि खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेतले अंड्याच्या आकाराचे स्टे इन्सुलेटर आम्ही चिनी मातीचेच ठेवले आहेत. स्टेच्या अंड्यात दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे ते फुटले तरी ताण सुटत नाही. तिथे बदलण्यासारखे काही दिसले नाही.

टोकाच्या खांबांवरच्या सहा डिस्कही जुन्याच आहेत. त्यांचे कवच तडकले तरी टोपी आणि पिन तार धरून ठेवतात, म्हणून तिथे घाई केली नाही. या मे महिन्यात त्या उतरवून रात्रभर भिजवल्या आणि मेगरवर घेतल्या, तेव्हा सहापैकी एकीचा आकडा कमी निघाला. तिच्या जागी आणलेली डिस्कही चिनी मातीचीच आहे, फक्त या वेळी दुकानातच वाजवून घेतली आणि चढवण्यापूर्वी एक रात्र ड्रममध्ये ठेवली.