गुलटेकडीला उभं राहून मुक्ता ऐकली: पुण्यातल्या एआर वॉकचा रिव्ह्यू

मागच्या रविवारी आत्याला घेऊन हा एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून समोरच्या जागेवर जुनी दृश्यं दिसतात ते) वॉक केला. ॲप अजून टेस्टिंगमध्येच आहे, ओळखीतल्या एका मुलीने लिंक पाठवली म्हणून मिळालं, त्यामुळे नाव इथे टाकत नाही. पैसे लागत नाहीत, पण पॉवर बँक न्याच, माझी बॅटरी दीड तासात ८० वरून २२ वर आली.

करायचं एवढंच की ठरलेल्या ठिकाणी फोनचा कॅमेरा समोर धरायचा, मग तिथे आता जे उरलेलं नाही ते स्क्रीनवर उभं राहतं आणि कानात गोष्ट सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये किनफोक नावाचं ॲप आहे, त्यात कृष्णवर्णीयांच्या इतिहासातली माणसं, म्हणजे हैतीच्या क्रांतीचा टुसाँ लुव्हर्त्यूर वगैरे, डिजिटल पुतळे म्हणून उभी करता येतात, कारण तिथे चौकाचौकांत पुतळे आहेत ते बहुतेक गोऱ्यांचे. आपल्या पोरांनी तीच आयडिया पेठांमध्ये आणली आणि मला विचाराल तर पुण्याला ह्याची फार गरज होती, शनिवारवाडा सगळ्यांना माहितीये, बाकीचं पुणे कोण दाखवतं?

सुरुवात भिडेवाड्यापासून. दगडूशेठच्या समोर, १ जानेवारी १८४८ ला जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, म्हणून इथे तो स्क्रीनवर पुन्हा उभा राहणार ह्याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती आणि इथेच ॲप गंडलं. पेठेत गल्ली अरुंद, दोन्हीकडे बिल्डिंगा, जीपीएस भरकटतं, तीनदा ट्राय केलं तरी वाडा रस्त्याच्या मधोमध. त्यापेक्षा एखादी ठरलेली पाटी स्कॅन करायला लावा ना, जागा पक्की होईल. आणि सावित्रीबाई चालत येतात ते ॲनिमेशन प्लीज काढा, कार्टूनसारखं दिसतं, त्यांना असं बघवत नाही.

गंज पेठेत फुलेवाड्याला मात्र सगळं नीट चाललं. जोतिरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला तो पाण्याचा हौद, त्यावर कॅमेरा धरला की आधी पाण्याची गोष्ट येते आणि मग 'गुलामगिरी'चं अर्पणपत्र. पुस्तक १८७३ चं, आणि अर्पण कोणाला तर अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली, आपल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. आत्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, इतक्या लांबच्या माणसांचं दुःख ह्यांना इथं बसून कळलं, आणि शेजारच्या आळीतलं आपल्याला दिसत नाही." ह्यापुढे मी काही बोललोच नाही.

शेवटचा स्टॉप गुलटेकडी. मार्केट यार्डात आत्या तीस वर्षं भाजीला येते. टेम्पो लागलेले, पायाखाली कोथिंबिरीच्या काड्या, हमालांचा आरडाओरडा, अशा ठिकाणी ॲप काय दाखवणार असं वाटलं, तर स्क्रीनवर जवळपास काहीच नाही, फक्त जुन्या छपाईतली अक्षरं एकेक ओळीने उमटतात आणि कानात एका शाळकरी मुलीचा आवाज. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, १८५५ ला 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला होता. त्यात ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून कोणी मांग किंवा महार गेला तर ह्याच गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. मी हे आधी वाचलेलं होतं, घरी खुर्चीत बसून. इथे उभं राहून ऐकताना पाय जड झाले.

एक इअरफोन माझ्या कानात, एक आत्याच्या. पुढे मुक्ता सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात किती हाल होतात. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मागून एक टेम्पोवाला हॉर्न देत होता, आम्ही बाजूला झालो पण तिने इअरफोन काढला नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे, निबंधाचा तुकडाच ऐकवलाय. वेद आमचेच असं ब्राह्मण म्हणतात, तर मग आमचा धर्म कोणता, असं मुक्ता देवालाच विचारते तो भाग तर नाहीच. पूर्ण निबंध ऐकवा आणि वाचायलाही द्या, फार मोठा नाहीये तो, आणि ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी नुसता ऑडिओ वेगळा ठेवा, शाळेतल्या पोरांना एका स्पीकरवर सगळ्यांना ऐकता येईल. तिन्ही ठिकाणं चालत करायची तर सकाळी सातला निघा, दहानंतर उन्हात स्क्रीन दिसत नाही. आत्याला तो निबंध मी प्रिंट काढून दिलाय, भिशीच्या बायकांना वाचून दाखवणार म्हणतेय.